ब्राउझरमध्ये केलेली सही जावात एक्सेप्शन देते, पीएचपीत कधी चालते कधी नाही

वडाळा_बॅकएंड

हाउसिंग सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांचं वेब ॲप आहे. सेक्रेटरी ब्राउझरमध्ये बिल मंजूर करतात, तेव्हा वेबक्रिप्टोने (ब्राउझरमधली तयार क्रिप्टो सोय) त्या बिलाच्या जेसनवर (बिलाची माहिती लिहिलेला मजकूर) सही होते. सहीचा अल्गोरिदम ईसीडीएसए, त्याचा वक्र पी-२५६, हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) एसएचए-२५६. प्रायव्हेट की (जिने सही होते ती) ब्राउझरमध्येच तयार होते आणि एक्स्ट्रॅक्टेबल नाही, म्हणजे बाहेर काढता येत नाही. पब्लिक की (जिने सही तपासतात ती) एसपीकेआय या ठरावीक स्वरूपात एक्स्पोर्ट करून सर्व्हरला पाठवतो. ती ९१ बाइट भरते आणि जावात विनातक्रार लोड होते. सही बेस६४ (बाइट अक्षरांत लिहायची पद्धत) करून पाठवतो, तिची लांबी दर वेळी ८८ अक्षरं.

आता अडचणी.

पहिली जावाची. जेडीके १७ (जावाची आवृत्ती), स्प्रिंग फ्रेमवर्क, सहीचा अल्गोरिदम 'एसएचए२५६विथईसीडीएसए'. व्हेरिफायला प्रत्येक सहीवर सहीचं एन्कोडिंग चुकीचं असल्याची एक्सेप्शन येते. फॉल्स येत नाही, थेट एक्सेप्शनच.

दुसरी पीएचपीची. हिशेबनीसांचं पोर्टल वेगळं आहे, तिथे ओपनएसएसएल एक्स्टेन्शनने तपासायचं आहे. सहीला डीईआरचं (बाइट मांडायची एक प्रमाण पद्धत) वेष्टन लागतं असं वाचून ते हातानेच घातलं: पुढे ३०, ४४, ०२, २०, मग पहिले ३२ बाइट, मग पुन्हा ०२, २०, मग उरलेले ३२ (हे सगळे आकडे हेक्समध्ये). आता साधारण चारातली एक सही पास होते, बाकीच्या नाहीत. उत्तर नेमकं १ आलं तरच पास धरतो.

तिसरी जास्त छळते. ज्या सह्या पास होतात त्या टेस्ट डेटावरच्या, म्हणजे इंग्रजी नावं आणि पूर्णांक रकमा. खरी बिलं घेतली, मराठी नावं, फ्लॅट नंबर 'बी/४०२', रक्कम २४५०.५०, की पीएचपीत एकही पास होत नाही. तिथे मिळालेलं जेसन डीकोड करून, अनावश्यक फील्ड काढून, पुन्हा एन्कोड करून त्यावर तपासतो.

लायब्ररी बदलावी का? की ब्राउझरमध्येच दुसरी क्रिप्टो लायब्ररी घालू?

---

माटुंगा_क्रिप्टो

लायब्ररी बदलू नका. या तिन्ही ठिकाणचं गणित एकच आहे आणि ते बरोबर चाललंय. तुमच्या पहिल्या दोन अडचणी सहीच्या मांडणीच्या आहेत, तिसरी वेगळी. तिच्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच, मी पहिल्या दोनच घेतो.

ईसीडीएसएची सही म्हणजे दोन मोठ्या संख्या, आर आणि एस. त्या बाइटांत कशा मांडायच्या याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एक सपाट: आर ३२ बाइट, लगेच एस ३२ बाइट, एकूण ६४. हिला आयईईई पी१३६३ म्हणतात. वेबक्रिप्टो हीच देतं, जेडब्ल्यूटीचं (लॉगिन टोकनचं प्रमाण स्वरूप) ईएस२५६ हीच मागतं, डॉटनेटही मूळात हीच देतं. दुसरी एएसएन.१ डीईआर, म्हणजे प्रत्येक संख्येला प्रकार आणि लांबीचं लेबल. ओपनएसएसएल, त्यावर उभं असलेलं पीएचपीचं एक्स्टेन्शन, जावाचा नेहमीचा अल्गोरिदम, पायथनचं क्रिप्टोग्राफी पॅकेज आणि सर्टिफिकेटांचं सगळं जग हिच्यावर चालतं.

तुमच्या हातात कोणती आहे हे कोड न चालवताही कळतं. सपाट सही बेस६४मध्ये नेहमी ८८ अक्षरांची, शेवटी दोन बरोबरची चिन्हं. पॅडिंग नसलेल्या बेस६४यूआरएलमध्ये ८६. डीईआर सही जवळपास नेहमी ९६ अक्षरांची आणि तिची सुरुवात कॅपिटल एम, ई आणि त्यानंतर क्यू, यू किंवा वाय अशी. लॉगमध्ये डोळ्यांनीच ओळखता येते. तुमच्या ८८ अक्षरांवरून ती सपाट आहे हे नक्की, आणि जावाला हवी डीईआर, म्हणून एक्सेप्शन.

जावात उपाय एका ओळीचा आहे. जेडीके ९ पासून 'एसएचए२५६विथईसीडीएसएइनपी१३६३फॉरमॅट' नावाचा अल्गोरिदम आहे. सिग्नेचरचं इन्स्टन्स घेताना ते नाव द्या, बाकी काही बदलू नका. नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) हेच करायचं असेल तर की देताना 'डीएसएएन्कोडिंग' या पर्यायात 'आयईईई-पी१३६३' लिहायचं. पायथनमध्ये आर आणि एस स्वतः कापून संख्या करा आणि डीएसएस सही एन्कोड करणारं जे तयार फंक्शन आहे त्याला द्या. गो मध्ये आर आणि एस थेट स्वीकारणारं व्हेरिफाय आहे आणि डीईआर घेणारं वेगळं आहे, त्यांची सरमिसळ करू नका.

आता तुमचं पीएचपीचं वेष्टन. चारातली एकच का चालते? डीईआरमधली पूर्णांक संख्या चिन्हासकट असते. पहिल्या बाइटचा सर्वांत वरचा बिट १ असेल तर ती ऋण ठरते. आर आणि एस धन असल्यामुळे अशा वेळी पुढे एक शून्य बाइट लावावाच लागतो. वरचा बिट १ असण्याची शक्यता आरसाठी निम्मी, एससाठी निम्मी. दोन्ही एकाच वेळी ० असतील तेव्हाच तुमचं ठरावीक ७० बाइटांचं वेष्टन बरोबर बसतं, आणि तो योग साधारण पाव वेळा येतो. लक्षात ठेवा, ओपनएसएसएल या बाबतीत कडक आहे, पण जावा अशी ऋण दिसणारी संख्या धन मानून पुढे जातं. त्यामुळे तेच चुकीचं वेष्टन एका टूलमध्ये पास आणि दुसऱ्यात नापास असंही दिसू शकतं. एका ठिकाणी चाललं म्हणजे वेष्टन बरोबर आहे असं समजू नका.

योग्य पद्धत अशी. आरचे ३२ बाइट घ्या. पुढचे सगळे शून्य बाइट काढा, निदान एक बाइट उरला पाहिजे. उरलेल्याचा पहिला बाइट हेक्स ८० किंवा मोठा असेल तर पुढे एक ०० लावा. त्याच्या पुढे ०२ आणि आलेली लांबी लिहा. एसचंही तसंच. दोन्ही जोडा, त्यांच्या पुढे ३० आणि एकूण लांबी. समजा आरची सुरुवात बी३ने आणि एसची ४एफने होते. मग बाइट असे येतील:

३० ४५ ०२ २१ ०० बी३ … ०२ २० ४एफ …

बी३चा वरचा बिट १ म्हणून आर ३३ बाइटांचा, लांबी २१ हेक्स. ४एफला शून्य लागलं नाही. आत ३५ अधिक ३४ म्हणजे ६९ बाइट, हेक्समध्ये ४५. एकूण सही ७१ बाइट.

उलट दिशेनेही, डीईआरवरून सपाट करताना, खड्डा आहेच. जावातल्या बिगइंटिजरचे बाइट काढले तर कधी ३३ येतात, कधी ३२, क्वचित ३१. ३३ असतील तर पुढचा शून्य काढायचा, कमी असतील तर डावीकडे शून्यं भरून ३२ करायचे. आर किंवा एस यांपैकी एकाचा तरी पहिला बाइट शून्य असण्याची शक्यता साधारण १२८त एक. म्हणजे वीस-पंचवीस सह्यांवर केलेली टेस्ट हिरवी दिसेल आणि लाइव्ह झाल्यावर आठवड्यातून एक सही विनाकारण नाकारली जाईल. टेस्टमध्ये लूप लावून निदान काही हजार सह्या करून पाहा, सेकंदांचं काम आहे.

पुढेमागे पी-५२१वर जाणार असाल तर आणखी एक. तिथे आर आणि एस ६६ बाइटांचे, सपाट सही १३२. डीईआरच्या आतली लांबी १२७च्या वर जाते, मग लांबीचा एक बाइट पुरत नाही. ३० नंतर ८१ आणि मग लांबी, असं लिहावं लागतं. पी-२५६साठी हाताने लिहिलेला कोड इथे हमखास आडवा पडतो. म्हणून पीएचपीत शक्य तर हाताने लिहूच नका. पीएचपीसेकलिब या लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत सहीचं स्वरूप 'आयईईई' असं सांगता येतं, तुमची ६४ बाइटांची सही जशीच्या तशी घेतली जाईल.

आणि एकच ब्राउझर नेहमी एकच मांडणी देईल हेही गृहीत धरू नका. उद्या सेक्रेटरींसाठी पासकी (पासवर्डऐवजी कीने लॉगिन) आणलीत तर तिच्यामागच्या वेबऑथ्न प्रमाणाकडून येणारी ईएस२५६ सही डीईआर असते, शिवाय ती तुमच्या मजकुरावर नसतेच. ऑथेंटिकेटर डेटा आणि त्यापुढे क्लायंट डेटा जेसनचा एसएचए-२५६ हॅश, अशा जोडीवर असते.

---

विक्रोळी_पीएचपी

तिसरी अडचण मी घेतो. तुमच्याच शेवटच्या वाक्यात ती आहे: "डीकोड करून, पुन्हा एन्कोड करून त्यावर तपासतो." हे करायचंच नाही. सही बिलावर होत नाही, बाइटांवर होते. अर्थ तोच राहिला आणि एक बाइट बदलला तरी सही संपली.

तुमच्या एका बिलात काय काय बदलतं बघा. ब्राउझरचं जेसन स्ट्रिंगिफाय मराठी अक्षरं तशीच ठेवतं. पीएचपीचं जेसन एन्कोड, वेगळं सांगितलं नाही तर, प्रत्येक देवनागरी अक्षराचं उलटी तिरकी रेघ, यू आणि चार हेक्स आकडे असं रूपांतर करतं. 'बी/४०२' मधल्या तिरक्या रेघेच्या आधीही ते एक उलटी रेघ टाकतं. त्या एका फ्लॅट नंबरने, नाव इंग्रजी असलं तरी, सही मोडते. टेस्ट डेटात बहुधा फ्लॅट नंबर नुसता '४०२' असेल, म्हणून तिथे चालली. युनिकोड आणि तिरकी रेघ न बदलण्याचे दोन फ्लॅग आहेत, पण ते लावून भागत नाही. रक्कम उरतेच. जावास्क्रिप्टमध्ये २४५०.५० ही संख्या लिहिली की शेवटचं शून्य जातं, २४५०.५ उरतं. जावात तीच बिगडेसिमलमध्ये असेल तर २४५०.५० अशीच लिहिली जाते. पायथन असतं तर त्याने प्रत्येक स्वल्पविराम आणि अपूर्णविरामानंतर (:) एक स्पेस टाकली असती. फील्डचा क्रम हा आणखी वेगळा विषय. अनावश्यक फील्ड काढता म्हणालात, तेव्हा तर मजकूरच बदलला.

दोन मार्ग आहेत. मला पहिला पसंत आहे.

एक: ब्राउझरने ज्या बाइटांवर सही केली तेच बाइट बेस६४ करून एका फील्डमध्ये पाठवा, शेजारी सही. सर्व्हरने आधी बेस६४ उलगडायचं, त्या बाइटांवर सही तपासायची, पास झाली तरच त्याचं जेसन पार्स करायचं. डेटाबेसमध्येही तो मूळ बाइटांचा कॉलम ठेवा, ब्लॉब (कच्चे बाइट) म्हणून. सहा महिन्यांनी हिशेबनीसांना तपासायचं असेल तेव्हा तोच लागणार. पूर्ण रिक्वेस्ट बॉडीवर सही असेल तर पीएचपीत इनपुट स्ट्रीममधून कच्ची बॉडी वाचा, स्प्रिंगमध्ये बॉडी बाइट ॲरे म्हणून घ्या, एक्स्प्रेसमध्ये जेसन पार्सरच्या व्हेरिफाय हुकमध्ये मिळणारा बफर वापरा. पार्सर आधी चालला की मूळ बाइट गेले.

दोन: आरएफसी ८७८५, म्हणजे जेसनची ठरावीक मांडणी. फील्ड क्रमाने, स्पेस नाही, संख्या जावास्क्रिप्टच्या नियमाने. प्रत्येक भाषेत ती नीट पाळणारी लायब्ररी लागते आणि दोन टीमांनी ती जन्मभर सांभाळायची. ज्यांना मजकूर सहीपासून वेगळा ठेवून मध्ये कुणाकुणाकडे फिरवायचाच आहे त्यांनी हा खर्च करावा. तुम्हाला गरज दिसत नाही.

कोणताही मार्ग घेतलात तरी रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा: २४५०५०. दशांशाचा प्रश्न मुळातच जातो.

जावात आणखी एक पाहून घ्या. स्ट्रिंगवरून बाइट घेताना कॅरेक्टर सेट न सांगता घेतलेत तर जेडीके १७ मशीनचा डीफॉल्ट घेतं. यूटीएफ-८ सर्वत्र डीफॉल्ट झालं ते जेडीके १८ पासून. कंटेनरमध्ये लोकेल सेट नसेल तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा बाइट जातो, आणि इंग्रजी डेटा मात्र सुखरूप पास होतो. यूटीएफ-८ स्पष्ट लिहाच.

बेस६४ बद्दलही. साध्या बेस६४मध्ये अधिकचं चिन्ह येतं. ते फॉर्म डेटात किंवा क्वेरी स्ट्रिंगमध्ये एन्कोड न करता पाठवलं की पलीकडे स्पेस होतं. आपल्या वेळेच्या शिक्क्याचंही तेच होतं, +०५:३० मधलं अधिक गळून जातं. बेस६४यूआरएल वापरा, त्यात अधिक आणि तिरकी रेघ नसते, आणि वेळ यूटीसीत लिहा.

पीएचपीचं ओपनएसएसएल व्हेरिफाय वापरताना दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. चौथा पॅरामीटर दिला नाही तर हॅश एसएचए-१ धरला जातो, तिथे एसएचए-२५६ द्यावंच लागतं. दुसरी: हे फंक्शन बरोबरला १, चुकीला ० आणि बिघाड झाल्यास -१ किंवा फॉल्स देतं. पीएचपीत -१ हे खरं धरलं जातं. नुसत्या इफमध्ये ते फंक्शन ठेवलं तर मोडकीतोडकी सही आत शिरू शकते. तुम्ही नेमकं १ शी ताडून पाहता हे उत्तम. तो इफ कुणी 'सोपा' करणार नाही यासाठी एक टेस्ट लिहून ठेवा, कचरा बाइट सही म्हणून द्या आणि नाकारलं जातंय का बघा.

---

वडाळा_बॅकएंड

दोघांचे आभार. जावा त्या एका नावाने सुटलं. पीएचपीत पीएचपीसेकलिब घेतलं आणि मूळ बाइट वेगळ्या फील्डमध्ये पाठवले, जवळपास सगळी बिलं पास झाली.

मोजकी अजून अडतात. त्या जुन्या नोंदी आहेत, मूळ बाइट साठवलेले नव्हते, म्हणून सदस्यांच्या मास्टर यादीतून नाव घेऊन जेसन पुन्हा उभं केलं. फ्लॅग लावले, रक्कम जुळवली, क्रम जुळवला. बहुतेक जुळली. अडणाऱ्यांत 'वऱ्हाडे', 'कुऱ्हाडे' अशी आडनावं आहेत. स्क्रीनवर दोन्हीकडे नाव हुबेहूब सारखं दिसतं.

---

गिरगाव_युनिकोड

दिसायला सारखं, बाइट वेगळे. तुमच्या सगळ्या अडलेल्या नावांत अर्धा 'ऱ' आहे. तो संगणकात तीन प्रकारे साठवलेला सापडतो.

एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. युनिकोडमध्ये ०९३१ आणि ०९४डी. यूटीएफ-८मध्ये ६ बाइट. मराठीसाठी युनिकोड हाच प्रकार सुचवतं.
दोन, साधा र, नुक्ता (अक्षराखालचा टिंब) आणि हलन्त: ०९३०, ०९३सी, ०९४डी. ९ बाइट.
तीन, साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर: ०९३०, ०९४डी, २००डी. हेही ९ बाइट.

म्हणजे 'वऱ्हाडे' हे आडनाव पहिल्या प्रकारात २१ बाइटांचं, उरलेल्या दोन्हीत २४. शेवटचे दोन एकाच लांबीचे असूनही एकमेकांसारखे नाहीत, तेव्हा नुसती लांबी पाहून जुळलं म्हणू नका. मास्टर यादी एका कीबोर्डवर टाइप झाली असेल आणि बिलावरचं नाव दुसऱ्या, की झालं.

एनएफसी नॉर्मलायझेशनने (युनिकोडची मजकूर एकाच ठरावीक रूपात आणायची पद्धत) पहिले दोन एक होतात, दुसऱ्याचा पहिला बनतो. तिसरा मात्र तसाच राहतो, जॉइनरला एनएफसी हात लावत नाही. त्यामुळे जुन्या नोंदींसाठी प्रत्येक अडलेल्या नावाचे तिन्ही प्रकार बनवून एकेकावर सही तपासा. तीनच पर्याय आहेत, एक जुळेल. जुळला की ते बाइट मूळ म्हणून साठवून टाका आणि ही पुन्हा उभं करण्याची वाट बंद करा. यात सहीशी कसलीही तडजोड होत नाही, कारण जुळणारा मजकूर तोच ज्यावर सही झाली होती.

सोसायटीत हिंदीत नाव लिहिणारेही असणारच. तिथे 'ड' आणि 'ढ' यांच्याखाली नुक्ता येतो. त्या अक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकही आहेत, पण एनएफसी त्यांना जोडत नाही, उलट तोडतं: अक्षर वेगळं, नुक्ता वेगळा. ऱच्या नेमकं उलट. म्हणून "एनएफसी केलं की सगळं जोडलेल्या रूपात येतं" असं धरून कोड लिहू नका.

नॉर्मलायझेशन करायचंच असेल तर नाव फॉर्ममध्ये भरलं जातं त्या क्षणी, सहीच्या आधी. तपासणाऱ्या बाजूने कधीही नाही.

---

कुर्ला_पायथन

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे ईसीडीएसएऐवजी आरएसए-पीएसएस हा सहीचा अल्गोरिदम आहे, की २०४८ बिटांची. पायथनमध्ये सही होते, नोडमध्ये पास होते, तीच सही वेबक्रिप्टोत फॉल्स. कारण काही सांगतच नाही. संदेशाचे बाइट दोन्हीकडे सारखे आहेत, हॅश काढून ताडलेत.

---

माटुंगा_क्रिप्टो

सॉल्टची, म्हणजे सही करताना मिसळल्या जाणाऱ्या यादृच्छिक बाइटांची, लांबी. पायथनमध्ये सही करताना सॉल्टसाठी 'मॅक्स लेंग्थ' दिलं असणार, बहुतेक उदाहरणांत तेच असतं. २०४८ बिट म्हणजे २५६ बाइट, त्यातून एसएचए-२५६चे ३२ आणि आणखी २ वजा, म्हणजे सॉल्ट २२२ बाइटांचा. नोड तपासताना, पॅडिंग पीएसएस सांगितलं असेल तर, सॉल्टची लांबी सहीतूनच ओळखतं, म्हणून पास. वेबक्रिप्टो ओळखत नाही, तुम्ही दिलेल्या 'सॉल्टलेंग्थ'शी तंतोतंत जुळलं पाहिजे. तिथे ३२ दिलं असेल तर फॉल्स येणारच. आजच्या आज खात्री करायची असेल तर २२२ देऊन पाहा.

कायमचं दुरुस्त करताना मात्र सही करणाऱ्या बाजूला सॉल्ट ३२ करा, म्हणजे हॅशच्या लांबीएवढा. जेडब्ल्यूटीचं पीएस२५६ तेच मागतं, आणि पुढे जोडणारा प्रत्येक जण तेच गृहीत धरेल.

पीएसएसमध्ये आत एमजीएफ१ नावाचं मास्क फंक्शन असतं आणि त्यालाही स्वतःचा हॅश असतो. वेबक्रिप्टो दोन्हीकडे एकच हॅश वापरतं, वेगळा देताच येत नाही. जावात पीएसएसचे डीफॉल्ट पॅरामीटर सगळे एसएचए-१चे, सॉल्ट २०. मुख्य हॅश बदलला आणि एमजीएफचा राहून गेला ही तिथली नेहमीची गफलत. पाचही गोष्टी स्वतः द्या: एसएचए-२५६, एमजीएफ१, एमजीएफसाठीही एसएचए-२५६, सॉल्ट ३२, ट्रेलर १.

कीचं स्वरूपही बघा. वेबक्रिप्टो पीईएम (बेस६४ मजकुरात लिहिलेली की) घेत नाही. वरची-खालची ओळ आणि ओळबदल काढून, बेस६४ उलगडून, एसपीकेआय बाइट द्यावे लागतात. वरच्या ओळीत नुसतं 'पब्लिक की' असेल तर ती एसपीकेआय. 'आरएसए पब्लिक की' असेल तर ती पीकेसीएस#१ या वेगळ्या स्वरूपातली, ती आधी बदलून घ्यावी लागते. २०४८ बिटांना नेहमीच्या घातांकासह पहिली २९४ बाइट भरते, दुसरी २७०. आणि ओपनएसएसएलमध्ये की तयार करतानाच प्रकार 'आरएसए-पीएसएस' निवडला असेल तर तिच्यातला ओळखक्रमांक वेगळा पडतो, वेबक्रिप्टो ती आयातच करत नाही. साधी आरएसए की बनवा आणि पीएसएस फक्त सही करताना सांगा.

हॅश कुठे सांगायचा यातही फरक आहे. आरएसएला तो की आयात करताना ठरतो, ईसीडीएसएला तपासताना. आणि दोन्हींत मूळ संदेशच द्यायचा. वेबक्रिप्टो हॅश स्वतः काढतं. आधी हॅश काढून तो दिलात तर हॅशचा हॅश होतो आणि पलीकडे कधीच जुळत नाही.

वेबक्रिप्टो कारण सांगणार नाही, म्हणून तुमचं तुम्हालाच शोधावं लागतं. दोन्ही बाजूंनी चार गोष्टी छापा: संदेशाची बाइटांत लांबी, संदेशाचा एसएचए-२५६, पब्लिक कीच्या एसपीकेआय बाइटांचा एसएचए-२५६, सहीची लांबी. लांबी एकने जास्त असेल तर शेवटी ओळबदल आलाय, एडिटरने किंवा शेलच्या इकोने टाकलेला. तीनने जास्त असेल तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची न दिसणारी खूण) आहे. चारही जुळूनही फॉल्स येत असेल तरच पॅडिंग, सॉल्ट आणि मांडणीकडे वळा. तिसरा पंच म्हणून ओपनएसएसएलची डिजेस्ट आज्ञा फाइलींवर चालवा: संदेश, सही आणि की तीन वेगळ्या फाइलींत, सही कच्च्या बाइटांत, बेस६४ नको. ईसीडीएसए असेल तर सही डीईआर करून द्या.

---

विक्रोळी_पीएचपी

वडाळा, जेडीके १७ म्हणालात म्हणून: तुमची आवृत्ती १७.०.३ किंवा पुढची आहे ना ते आजच बघा. जावा १५ ते १८ मध्ये ईसीडीएसए तपासताना आर आणि एस शून्य नाहीत ना हेच पाहिलं जात नव्हतं. दोन्ही शून्य असलेली सही कोणत्याही संदेशावर, कोणत्याही कीसाठी पास व्हायची. या त्रुटीचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२२-२१४४९, एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्ती आली. तुम्ही आता घेतलेल्या सपाट मांडणीत अशी सही म्हणजे नुसते ६४ शून्य बाइट. सर्व्हरवर ती पाठवून नाकारली जाते का हे तुमच्या टेस्टमध्ये कायमचं घाला.

त्याच टेस्टमध्ये एका फाइलीत ठरावीक संदेश, पब्लिक की आणि सही ठेवा आणि तीच फाइल ब्राउझर, जावा आणि पीएचपी तिघांच्या बिल्डमध्ये चालवा. संदेशात मराठी नाव, तिरकी रेघ असलेला फ्लॅट नंबर आणि अर्धा ऱ असू दे. सह्यांपैकी एक आरचा पहिला बाइट शून्य असलेली आणि एक आरचा वरचा बिट १ असलेली निवडून घ्या. पुन्हा सही करून 'तीच येते का' अशी तुलना करू नका. वेबक्रिप्टोची ईसीडीएसए सही एकाच संदेशावर दर वेळी वेगळी येते, ते बरोबरच आहे.

फोनवर सेक्रेटरींना दाखवताना लॅपटॉपच्या लोकल आयपीवरून साधं एचटीटीपी वापराल तर वेबक्रिप्टोचं 'सटल' मिळणारच नाही. ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असतं.

आणि सोसायटीच्या सभेत ही सही म्हणजे 'डिजिटल सिग्नेचर' असं सांगणार असाल तर जपून. बिल बदललेलं नाही आणि ते त्या ब्राउझरमधल्या कीने मंजूर झालं एवढं ती दाखवते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली जी डिजिटल सही धरली जाते तिच्यामागे सीसीएने (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांचे सरकारी नियंत्रक) परवाना दिलेल्या संस्थेचं सर्टिफिकेट असतं, यूएसबी टोकनवर मिळतं ते. त्या टोकनमधल्या कीपर्यंत वेबक्रिप्टो पोचत नाही, त्यासाठी मशीनवर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. निबंधकांकडे जाणाऱ्या कागदांसाठी तो रस्ता वेगळा ठेवा.